भेगेवरची काच

माझा मामा गवंडी, आणि पक्का भित्रा. शिडीच्या चार पायऱ्या चढला की खालून कुणाला तरी ती धरावी लागायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणून मी त्याची टर उडवायचे. त्याच्याच दोन खोल्यांत लहानाची मोठी झाले, तरी उडवायचे.

आमची गल्ली मुख्य बाजारपेठेपासून पाच मिनिटांवर. पूर्वी तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. मग शहराला अचानक साक्षात्कार झाला की ही वस्ती ऐतिहासिक आहे! दगडी फरशी आली, जुन्या धाटणीचे दिवे आले, तळमजल्यावर कॉफीचं दुकान आलं, आमच्या जिन्यात लोक फोटो काढू लागले. डागडुजीचं काम मामालाही मिळालं, तेही आमच्याच इमारतीत. स्वारी खुशीत होती.

जिन्याच्या भिंतीचा जुना गिलावा उतरवताना त्याला भेग दिसली. बोट आत जाईल एवढी, खालपासून वरपर्यंत. मुकादम म्हणाला, "बुजवून टाक. चार दिवसांवर उद्घाटन आहे." मामाने बुजवली.

तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. तीच भेग आमच्या खोलीत कपाटामागे निघत होती. गवंडी अशा भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी पक्की बसवतात. काच शाबूत राहिली तर भेग मेलेली, तडकली तर जिवंत. मामा रोज सकाळी कपाट सरकवून बघायचा. सात महिने सगळं ठीक होतं. एका सकाळी तो नुसताच उभा राहिला. मी वाकून पाहिलं, तर काचेचे दोन तुकडे.

"थंडीने तडकली असेल," मी म्हणाले.

दुसरी पट्टी तीन आठवड्यांत गेली.

"पोरी, सगळ्यांना सांगू या," मामा म्हणाला.

"सांगितलं तर इमारत रिकामी करतील. या भागात पुन्हा कोण देणार आपल्याला घर? आणि पहिला गळा तुझाच धरतील."

त्याने कपाट जागेवर सरकवलं. त्याला घाबरवणं फार सोपं होतं.

मग मीही घाबरत जगू लागले. खालून ट्रक गेला, फडताळातले कप किणकिणले, की पाचावर धारण बसायची. जिना उतरताना आम्ही दोघंही समोरच्या भिंतीला चिकटून चालायचो. तिसरी काच बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी तडकली.

त्या रविवारी सकाळी जिन्यात ठोकण्याचा आवाज आला. मी धावले. मामा एकटाच शिडीवर होता, खाली धरायला कुणी नाही, आणि हातोडीने स्वतःचाच गिलावा पाडत होता. सगळे शेजारी बाहेर आले. आता भेगेत अख्खा पंजा गेला असता.

"आधी खाली उतरा सगळे!" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला असेल. लोक धडाधड रस्त्यावर आले.

तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी नातीला कडेवर घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. पोर रोज त्याच जिन्यात खेळायची.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"भेग आठ महिने. वाढतेय, हे महिनाभर."

मावशींनी एकवार आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "आणखी कुणाला माहीत होतं?"

मामाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कुणालाच नाही," तो म्हणाला.

आणि मी ते तसंच राहू दिलं.