बाबांची बोडी
“बोडी बुजवली त धानाच्या दोन बांध्या निघतेत,” काका माझ्यामागे कोणाला तरी हळूच सांगत होते. बाबांचा दहावा होता. तलावाच्या पाळीवर पिंड ठेवला होता, ओल्या चिखलाचा वास येत होता आणि कावळा काही केल्या शिवत नव्हता. शाळेत मी लेक हा इंग्रजी शब्द शिकले, तेव्हा पुस्तकात निळं पाणी आणि हंस होते. आपल्या शेतातली लहानशी बोडी म्हणजे लेक का, असं विचारल्यावर बाबा हसले होते, “गावाचा तो तलाव. आपल्या धानाले पाणी देते ते बोडी.” दर उन्हाळ्यात ते स्वतः तिचा गाळ काढायचे. आत्या म्हणाली, “त्याचा जीव कशात अडकला, तुलेच ठाऊक. बोल ना माय.” चारचौघांत मी आजही बोलत नाही. त्या दिवशी मात्र मी काकांकडे न बघता म्हणाले, “बाबा, आपली बोडी मी बुजू देणार नाही.”