अल्टरनेटरचा बेल्ट तुटला तेव्हा ऊन होतं

श्रावण लागला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शांतपणे सांगून टाकलं की जे पाहायचं ते आता पाहून घ्या, पुढचं काही सांगता येत नाही. घरी येताना रिक्षात अण्णा बाहेर बघत बसले. मला वाटलं, घाबरले असतील. तर म्हणाले, "खिरेश्वरची भातखाचरं एकदा बघायची होती. भर श्रावणातली." सोमवारी सकाळी डोळ्यात इंजेक्शन होतं, त्याआधी शनिवार-रविवार मोकळे होते. सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा थांबेपर्यंत आमचं जायचं ठरलं होतं.

अण्णा वीजखात्यात वायरमन होते. तरुणपणी एक अख्खा पावसाळा त्यांनी डोंगरातल्या खिरेश्वर गावात काढला, खांब उभे करत आणि तारा ओढत. खांबावर चढलं की खाली पाण्याने भरलेली खाचरं एकाखाली एक उतरत गेलेली दिसायची आणि मग खाली यायचं मन व्हायचं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्याकडे दुसऱ्यांच्या वडिलांसारखे भुताखेतांचे किस्से नव्हते, खाचरांचे होते.

आता गाडीचं सांगते, कारण या सगळ्या सहलीत तिनेच जास्त भाव खाल्ला. गाडी चोवीस वर्षांची. महिनाभर ती सकाळी सुरू करताना बॉनेटखालून किंचाळत होती. कुणीतरी म्हणालं, बेल्टला साबण लाव, आवाज जातो. मी अंगाला लावायचा साबण फिरवला आणि आवाज खरंच गेला. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की बेल्ट बदलायचं डोक्यातूनच गेलं. अण्णांना यातलं काही सांगितलं नाही.

शनिवारी साडेअकराला पुणं सोडलं. कुणी जाणार असाल तर याच्यापेक्षा लवकर निघा, चाकणच्या गर्दीत आमचा तास गेला. मंचरला चहा, नारायणगावला मिसळ. अण्णांनी जादा तर्री मागितली आणि माझ्याकडे बघितलंच नाही. आळेफाट्यावरून डावीकडे कल्याणचा रस्ता धरला आणि हवा बदलली. चार दिवसांनी उघडीप झाली होती. धुतलेलं ऊन, रस्त्याच्या कडेला तेरडा, आणि पश्चिमेला डोंगर इतके स्वच्छ की त्यांच्या घड्या मोजाव्यात. अण्णांनी काच खाली केली आणि तोंड उन्हाकडे धरून बसले. मलाही आपण गाडी चालवतोय की कुणीतरी आपल्याला नुसतं पुढं नेतंय, हे कळेनासं झालं होतं.

ओतूर दिसायला लागलं आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. मागोमाग तापमानाचा काटा वर सरकला. आत काहीतरी फटफट आपटलं आणि थांबलं.

"बंद कर," अण्णा म्हणाले. "बेल्ट गेला. आपल्या गाडीत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर आहे. अशीच पळवलीस तर इंजिन जाईल."

एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून आम्हाला एसटी स्टँडजवळच्या गॅरेजपर्यंत ओढत नेलं. पैसे घेतले नाहीत. मेकॅनिक बबनभाऊ, मूळ निमगाव सावाचे, बाहेर कामावर होते, ते साडेचारला आले. त्यांनी बॉनेट उघडलं, तुटका बेल्ट काढून बोटांत फिरवला आणि नाकाला लावला.

"ताई, साबण लावला व्हता का?"

मी अण्णांसमोर हो म्हणाले.

"लई जण लावत्यात. आवाज जातुया, पण बेल्ट घसरायचा थांबत न्हाई. घासून घासून काच व्हती त्याची, गुळगुळीत. आवाज म्हंजी तो सांगत व्हता तुमाला, मला बदला म्हणून."

अण्णांनी तुटका बेल्ट हातात घेऊन उलटासुलटा केला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी डोंगराकडे पाहिलं. अजून लख्ख ऊन होतं. खिरेश्वर तिथून तासाभराच्या आत, आणि आम्ही तिथं गॅरेजच्या बाकावर.

ओतूरमध्ये गाड्यांच्या सामानाचं जुनं दुकान आहे. मालक जैन शेठ, तीन पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं घर, बोलणं सगळं ओतूरचं. गाडीचं नाव आणि साल सांगून बबनभाऊंनी बेल्ट आणला. तो पुलीवर चढेना. जोर करून बघितला, तरी दोन बोटं कमी. तेव्हा अण्णांना आठवलं. काही वर्षांपूर्वी अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, जळाला होता आणि त्यांनी दुसऱ्याच गाडीचा बसवून घेतला होता, त्याची पुली मोठी होती. पुस्तकातलं माप आमच्या गाडीला लागूच नव्हतं.

"मंग पुस्तक ऱ्हाऊ द्या," बबनभाऊ म्हणाले. त्यांनी अल्टरनेटर त्याच्या खाचेत मधोमध आणला, सुतळी घेतली, तिन्ही पुल्यांभोवती फिरवली आणि जिथं टोकं जुळली तिथं गाठ मारली. ती सुतळी घेऊन आम्ही तिघं दुकानाकडे निघालो तर दुकान बंद. चातुर्मास चाललेला. शेठ सूर्यास्ताआधी जेवायला घरी जातात आणि मग प्रतिक्रमणाला बसतात, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. ती होईपर्यंत त्यांना कुणी हाक मारत नाही. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बबनभाऊ घाईघाईत विसरले होते.

शेठच्या घराच्या पायरीवर आम्ही बसलो. मला वाटलं होतं, माझी चिडचिड होईल. झाली नाही. आतून बायकांचा आणि एका जाड पुरुषी आवाजाचा एका सुरातला पाठ ऐकू येत होता. समोरच्या छपरावर ऊन आलं, मग फक्त कौलांच्या टोकावर राहिलं, मग तिथूनही गेलं. कुठंतरी दूध घालणाऱ्यांच्या किटल्या वाजत होत्या. अण्णांनी डोळे मिटले होते. मला मात्र एकच गोष्ट खुपत होती, की त्यांच्या वाट्याच्या उजेडातला एक अख्खा दिवस मी साबणाच्या एका वडीपायी घासून टाकला.

शेठ बाहेर आले, सुतळी हातात घेतली, काही विचारलं नाही. दुकान उघडून खुंटीवरच्या बेल्टांवर ती एकेक करून लावत गेले. चौथा जुळला.

"बाबांना कुठं न्यायचंय?" त्यांनी मला विचारलं.

"खिरेश्वरला. खाचरं बघायला."

"आज बघायला पायजे व्हती. असं ऊन ह्या दिवसांत घावत न्हाई, राव."

मी बेल्ट उचलला.

दिव्याखाली बबनभाऊंनी पुल्या आधी स्पिरिटने पुसल्या, साबणाचा अंश राहू नये म्हणून. नवा बेल्ट हातानेच चढवला, पान्याने उचकटून नाही. मग अल्टरनेटरच्या आड पहार घालून तो बाहेर रेटला आणि बोल्ट आवळला. म्हणाले, ढिला ठेवला तर चार्जिंग नाही, ताठ केला तर अल्टरनेटरचं बेरिंग जातं. नवा बेल्ट रात्रभरात जागा धरतो, म्हणून सकाळी पुन्हा ताण बघायचा, तोवर जायचं नाही. ही शेवटची अट तुम्हीही लक्षात ठेवा, बहुतेक ठिकाणी ती कुणी सांगत नाही. बेल्ट आणि मजुरी मिळून हजाराच्या आतच काम झालं. स्टँडजवळच्या लॉजवर खोली आठशेला मिळाली, गरम पाण्यासकट.

सकाळी साडेसहाला बबनभाऊंनी गाडी पाच मिनिटं चालवून बंद केली आणि अण्णांना म्हणाले, "बाबा, तुमी बघा."

अण्णांनी चाचपडत दोन पुल्यांमधला बेल्टचा सगळ्यात लांब पदर शोधला आणि मधोमध अंगठा दाबला. अर्धा इंच आत गेला असेल. "बरोबर," ते म्हणाले. "तारेलाही आम्ही असाच झोळ ठेवायचो. ताणून बांधली की थंडीत तुटते." बबनभाऊंनी पाव फेरा आणखी आवळला, अण्णांनी पुन्हा दाबून पाहिलं आणि दोघांचं जमलं. दोन माणसं एका अंगठ्याने बोलत होती आणि मी बाजूला उभी राहून ऐकत होते.

मढ सोडलं आणि धुकं आलं. पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी रस्त्याला लागूनच होतं, पण ते आम्हाला दिसलंच नाही. खिरेश्वरात एका ओळखीच्या घरी पोचलो. अण्णा तेव्हा ज्याच्याकडे उतरले होते त्या म्हाताऱ्याचा मुलगा, नामदेव, भात आणि नाचणी करणारा. त्याच्या बायकोने नाचणीची भाकरी आणि कुर्डूची रानभाजी वाढली. "काल लई चखोट व्हतं," नामदेव म्हणाला. "पार खालपतूर दिसत व्हतं. आज काय उघडायचं न्हाई."

उघडलं नाही. एक वाजेपर्यंत आम्ही बांधावर होतो. पायाखाली पाणी वाहतंय हे ऐकू येत होतं, भाताचा ओला वास येत होता, आणि समोर सगळं पांढरं. दहा हातांवरचा खांबसुद्धा दिसत नव्हता. त्या पांढऱ्यात उभं राहून मला कधी झोप लागल्यासारखं होई, कधी रडू येई. दोनला निघणं भाग होतं.

निघण्याआधी अण्णा काठी टेकून बांधावर पुढं झाले. "केवढं हिरवं झालंय गं," ते म्हणाले. "ती बघ, खालपर्यंत गेलीत."

समोर काहीही नव्हतं. म्हणजे डोळे डॉक्टरांनी सांगितलं त्याहून जास्त गेले होते, आणि ते आठवणीतलं बघत होते. मी म्हणाले, "हो अण्णा, खूप हिरवं."

घरी आलो, गाडी लावली. बेल्ट आजही आवाज न करता चालतो आणि दर महिन्याला मी अंगठा लावून बघते. ओतूर, ती पायरी, तो पाठ, सगळं अजून अंगावर आहे. पण खरं राहिलं ते सोमवारचं.

सोमवारी डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला. अण्णांनी चार ओळी वाचल्या, मागच्या वेळी वाचल्या होत्या तेवढ्याच. "नजर उतरलेली नाही," डॉक्टर म्हणाले. इंजेक्शन झालं. एका डोळ्यावर पट्टी घेऊन अण्णा जिन्यापाशी आले तेव्हा मला राहवलं नाही.

"अण्णा, काल तिथं धुकं होतं."

"मग? मला काय ते दिसत नव्हतं?"

"तुम्ही हिरवं म्हणालात."

त्यांनी कठडा चाचपून घट्ट धरला. "खाचरं दिसत नव्हती. पण तुझं तोंड दिसत होतं ना शेजारी. शनिवारपासून तसंच होतं, बेल्ट तुटल्यापासून. ते बघवेना."

मी पटकन दोन पायऱ्या पुढं उतरले, म्हणजे आत्ताचं तोंड तरी त्यांना दिसू नये.