आबांच्या डायरीवरचा लाल डाग

मंडळी, दुपारी धुळ्याहून भडगावला परत आलोय, पण एका जागी बसवत नाहीये. चारदा गच्चीवर जाऊन आलो.

माझे वडील, आबा, फौजेत होते. त्यांची लढाईतली डायरी मी नव्वद सालच्या आसपास धुळ्यातल्या एका संग्रहालयाला दिली. आज सहज बघायला गेलो, तर एक संशोधक मुलगी तीच वाचत बसलेली. मी कोण ते कळल्यावर तिने एक पान हळूच पुढे केलं. त्यावर मोठा लाल डाग, खालची ओळ पार बुडालेली.

"काका, आबा इथे जखमी झाले ना? नोंदीत रक्ताचा डाग लिहिलंय. माझ्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण यावर आहे."

अहो, ते कुंकू आहे. दसऱ्याला विळा-कोयत्याशेजारी आई ती डायरी उघडून ठेवायची आणि ओलं कुंकू लावायची. शिवण सैल झाल्यामुळे दरवर्षी तेच पान उघडायचं. डायरी देताना तिथल्या कारकुनाने डागाचं विचारलं, तेव्हा मीच रुबाबात "रक्त" म्हणालो. आबांना साधं खरचटलंही नव्हतं.

ती ओळ मला पाठ आहे. "घरनी चिठ्ठी आज बी उनी नही." म्हणजे, घरची चिठ्ठी आजही आली नाही. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं.

मुलीला मी फक्त "हो" म्हणालो आणि एसटी पकडली. तिचा नंबर घेतलाय. फोन नाही केला, तर आबा जखमी वीर राहतील, पण चिठ्ठीची वाट बघणारे आबा कोणालाच कळणार नाहीत.

तुम्ही केला असता का फोन?