पंप चालू, पॅड नवे

“कूलर हवेचा आहे की पाण्याचा?”

“पाण्याचा.”

“नीट बसवला आहे? हलत नाही ना?”

“एकदम पॅक. चारी बोल्ट मी सोता टाईट केलेत.”

“पंप चालू आहे?”

“हाव मॅडम, चालू हाय. पाणी फिरून राहिलंय.”

“आणि पॅड?”

“पॅड नवे टाकले की परवाच.”

हे संभाषण मी नांदेडच्या ऑफिसात हेडफोन लावून केले आणि शब्दशः नोंदवले. लातूरची तक्रार, दिवस सहावा. लिक्विड कूलर, पंप सुरू, पॅड बदललेले, तरीही प्रोसेसर शंभर अंशांवर. नोंद नेटकी होती. तिच्यावर विसंबून मी पुढचे पाच दिवस वाया घालवले.

आमची कंपनी संगणकाचे सुटे भाग विकते. मी सर्व्हिस विभागात आहे. शिक्षण एम.एस्सी. फिजिक्स. ऑफिसात आलेले निम्मे ग्राहक मला पाहून “इंजिनिअर कुठं हायत?” असे विचारतात. मी “समोर” असे उत्तर देते.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेब करणारा, नखाएवढा तुकडा. काम करताना तो तापतो. त्याच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक गठ्ठा आणि पंखा बसवतात. या जोडीला आमच्या धंद्यात कूलर म्हणतात. काही कूलरमध्ये पंखा थेट प्रोसेसरवर नसतो. छोटा पंप नळीतून पाणी फिरवतो आणि उष्णता बाहेर नेतो. तो लिक्विड कूलर. मशीनमधल्या इतर चिपांवर रबरासारखे पातळ पॅड लावतात. कूलर, पंप, पॅड. तिन्ही शब्दांवर लातूरच्या ग्राहकाने न अडखळता उत्तरे दिली होती. माणूस जाणकार आहे, असे मी गृहीत धरले.

या जाणकाराचे नाव मल्लिनाथ. वय तिशीच्या आसपास. घरची डाळमिल. भाग सुटे विकत घेऊन संगणक त्यांनी घरीच जोडला होता, व्हिडिओ बघून. संगणक त्यांच्या वहिनीसाठी होता. वहिनी आर्किटेक्ट. इमारत उभी राहण्यापूर्वी ती आतून कशी दिसेल याची फिल्म ती करते. त्या फिल्मची चित्रे संगणकाने एकामागून एक रंगवणे म्हणजे रेंडर. या कामात प्रोसेसरला क्षणाचीही उसंत नसते.

मी फोटो मागितले. मल्लिनाथनी कॅबिनेटच्या काचेतून दिसणाऱ्या रंगीत दिव्यांचे सात फोटो पाठवले. जांभळा, हिरवा, मग पुन्हा जांभळा. तपासण्यासारखे त्यात काही दिसत नव्हते.

अकराव्या दिवशी सकाळी आठलाच आमचे सर्व्हिस हेड कदम सर टेबलाशी आले.

“लातूरचं काय करताय? सकाळी सातलाच त्या घरच्या म्हाताऱ्यांचा फोन होता. आज संध्याकाळी सहाला सुनेला हैदराबादच्या ऑफिसला काम पाठवायचंय. नाही गेलं तर ते ऑफिस दुसरा माणूस बघणार. आणि म्हणाले, मशीन विकून टाकतो, सून मिलच्या ऑफिसात बसंल, फोन तरी घेईल.”

“ते कोण ठरवणार?”

“सासरे. घर त्यांचं आहे. तुम्ही तिथं जाऊन प्रोसेसर बदलून द्या आणि विषय संपवा.”

“प्रोसेसर खराब असल्याचा पुरावा नाही, सर.”

“पुरावा राहू द्या. बस धरा.”

मी बस धरली. पिशवीत नवा प्रोसेसर आणि नवा लिक्विड कूलर घेतला, कारण माझ्या मते पंप फिरत होता पण पाणी ढकलत नव्हता. अकरा दिवसांच्या नोंदींवरून काढलेला तो तर्कशुद्ध निष्कर्ष होता.

साडेअकराला मी त्यांच्या घरी पोचले. मल्लिनाथनी दार उघडले. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात स्क्रू ड्रायव्हर, चेहऱ्यावर सर्जनचा भाव.

“या मॅडम. कूलर बघा आधी.”

खोलीच्या खिडकीत लोखंडी चौकटीवर, चार बोल्टांनी आवळलेला, पाच फूट उंचीचा डेझर्ट कूलर घोंघावत होता. पंप चालू होता. पाणी फिरत होते. वाळ्याचे पॅड खरोखरच नवे होते. खोलीभर त्यांचा सुवास होता. कूलरच्या तोंडापासून दोन हातांवर, बाजूचे झाकण काढून टाकलेला संगणक टेबलावर उघडा बसवला होता. वारा थेट त्याच्या पोटात जात होता.

मी पिशवी खाली ठेवली. आतला लिक्विड कूलर तीन तासांच्या प्रवासात उगाच जपला होता.

“फोनवर तुम्ही ज्या कूलरबद्दल सांगत होतात, तो हा?”

“मंग? दुसरा हॉलमध्ये हाय, पण त्याचा पंप गेलाय.”

दोष संपूर्णपणे त्यांच्यावर ढकलणे सोयीचे होते. मराठवाड्यात मे महिन्यात ‘कूलर’ या शब्दाचा एकच अर्थ होतो. मी याच हवेत वाढले आहे आणि आमच्या घरच्या कूलरचे पॅड मीच बदलते. तरीही हेडफोन लावल्यावर मला फक्त माझ्या धंद्याचा अर्थ ऐकू आला.

दिवाणावर सासरे बसले होते. त्यांना घरात सगळे अप्पा म्हणतात. टेबलाजवळ, घड्याळाकडे पाठ करून, शिवलीला उभी होती. हीच ती वहिनी. अकरा दिवसांत तिचा आवाज मी प्रथमच ऐकते आहे, असे मला वाटले.

“साडेतीन तासांचा रेंडर आहे,” ती म्हणाली. “या स्पीडने अकरा तास लागतात. मध्येच बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून.”

म्हणजे अडीचच्या आत मशीन पूर्ण वेगाने चालायला हवे होते. स्पीड कमी होण्याचे कारण साधे आहे. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच हळू काम करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर मशीन बंद होते.

“आधी हा कूलर बंद करा,” मी म्हणाले.

“कामून?” मल्लिनाथ पुढे झाले. “बाहेर बेचाळीस हाय मॅडम. कूलर बंद केला तर मशीन जळून जाईल.”

“मशीन आत्ताही तापतेच आहे. वर भिजतेही आहे.”

मी संगणकाच्या आतल्या बोर्डावर बोट ठेवले. कूलरच्या वाऱ्याबरोबर उडालेले थेंब वाळून तिथे पांढरे ठिपके उमटले होते. बोअरच्या पाण्यातला क्षार. आणखी पंधरा दिवसांनी या ठिपक्यांनी बोर्ड कायमचा संपवला असता.

कूलर बंद झाला. अप्पांनी पंच्याने वारा घ्यायला सुरुवात केली आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू तापमान मीच वाढवले होते.

आता तपासणी. मशीन रिकामे असताना प्रोसेसर एकाहत्तर अंशांवर होता. मी रेंडर सुरू करायला सांगितले. चार सेकंदांत आकडा शंभरावर गेला.

हे चार सेकंद महत्त्वाचे. वारा कमी पडत असता, तर तापमान सावकाश चढले असते, कारण आधी धातूचा एवढा गठ्ठा तापावा लागतो. मी पात्यांना बोट लावले. गार. खालचा प्रोसेसर शंभर अंशांवर, आणि त्याची उष्णता वाहून नेण्यासाठी बसवलेला धातू माठासारखा गार. उष्णता वर चढतच नव्हती. दोघांच्या मध्ये काहीतरी होते.

“वारा घालून उपयोग नाही,” मी म्हणाले. “हा कूलर काढावा लागेल. आतला.”

“तो मी दोनदा काढलाय. पेस्ट नवी लावली. बरोबर हाय ते.”

पेस्ट म्हणजे टूथपेस्टसारखा राखाडी लेप. प्रोसेसर आणि धातू यांच्यातल्या बारीक फटी तो भरतो, म्हणजे उष्णता सहज पलीकडे जाते.

“भाऊजी,” शिवलीला म्हणाली, “त्याच्या खाली जे चिकटलेलं होतं, ते काढलं होतं का? मी त्या दिवशी विचारलं होतं.”

“वहिनी, तुम्ही डिझाइनचं बघा. हार्डवेअर माझ्याकडं हाय ना.”

मी चार स्क्रू काढले आणि गठ्ठा उलटा केला. तांब्याच्या चकचकीत तळावर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म होती. ‘बसवण्यापूर्वी काढा’ असे तिच्यावर इंग्रजीत, लाल आणि ठळक अक्षरांत छापलेले होते. पेस्ट तिच्यावरच, अगदी समान जाडीत, पसरलेली होती. लेप उत्तम होता. फक्त प्लास्टिकवर होता.

“ही दिसली नाही?”

“दिसली की.” मल्लिनाथना प्रश्नच कळला नाही. “काढली होती मी. मग वाचलं, सील काढलं की वॉरंटी जाते. पुसून परत चिटकवली.”

“कुठे वाचलंत?”

“ग्रुपवर.”

“हे सील नव्हे. भाग गोदामातून येताना त्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात. आणि हे काढायचे असे त्याच्यावरच लिहिले आहे.”

“ते सगळ्यावरच लिहितात, मॅडम.”

मी खोलीत नजर फिरवली. टीव्हीचा रिमोट पॉलिथिनमध्ये रबर लावून गुंडाळलेला. सोफ्यावर कंपनीचे प्लास्टिक, काठाला फाटलेले, तरी शाबूत. ज्या कूलरची आम्ही अकरा दिवस चर्चा केली, त्याच्या पुढच्या जाळीवरही फिल्म होती. या घरात वस्तू नवी असते, आणि नवीच राहते.

अप्पा दिवाणावरून उठून आले होते.

“काय झालं माय? नीट सांग.”

“अप्पा, चुलीवरचे गरम पातेले उचलताना तुम्ही फडके का धरता?”

“हाताला चटका बसू नये म्हणून.”

“प्रोसेसरची आच या धातूला बसायला हवी होती. मध्ये हे प्लास्टिक आहे.”

अप्पांनी फिल्म बोटांच्या चिमटीत उचलली, उजेडाकडे धरली आणि मुलाकडे पाहिले.

“म्हंजी तू मधी फडकं घातलंस. आन् वरून वारा घालून राहिलास अकरा दिवस.”

“वॉरंटीसाठी घातलं, अप्पा.”

“तुझी गेली की वॉरंटी.”

शिवलीला हसली नाही. तिने घड्याळ पाहिले. साडेबारा.

मी तळ स्वच्छ पुसला, पेस्ट नव्याने लावली, गठ्ठा पुन्हा बसवला. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या कडांवरचा क्षार खोडरबराने घासला आणि कोरड्या ब्रशने बोर्ड झाडला. मल्लिनाथ प्रत्येक वस्तू मी मागण्याच्या आधी पुढे करत होते आणि प्रत्येक वेळी ती चुकीची होती. झाकण लावले. ते मुद्दाम लावले, कारण कॅबिनेट बंद असले तरच आतला वारा आखलेल्या वाटेने जातो. उघडे ठेवले की जास्त हवा लागते, ही समजूत माणसाची. त्यानंतर टेबल खिडकीपासून ओढून समोरच्या भिंतीला लावले आणि डेझर्ट कूलर अप्पांसाठी पुन्हा सुरू करायला परवानगी दिली.

एक वाजून पाच मिनिटांनी रेंडर सुरू झाला. अडुसष्ट अंश. दहा मिनिटांनी एकोणसत्तर. मी कॅबिनेटच्या मागच्या जाळीजवळ हात नेला. गरम हवा लागत होती. त्या मशीनमधून निघालेली ही पहिली उपयोगी उष्णता.

पुढचे साडेतीन तास मी तिथेच थांबले. खरे तर त्याची गरज नव्हती. पण माझ्या नावावरची तक्रार अर्धवट बंद करून मी निघत नाही. शिवलीलाने मला तिची फिल्म दाखवली. हैदराबादच्या एका शाळेचे ग्रंथालय. दुपारचा उजेड खिडक्यांतून आत येतो आणि टेबलांवरून हळूहळू सरकतो. ते सरकणे तिने सूर्याची दिशा आणि वेळ मोजून बसवले होते. मोजून काम करणारी व्यक्ती या घरात होती. फोन मात्र दुसऱ्याच्या हातात होता.

“तुम्ही स्वतः का नाही फोन केलात?” मी विचारले.

“केला होता, पहिल्या दिवशी. तुमच्या ऑफिसातून सांगितलं, ज्यांनी असेंबल केलं त्यांना द्या.”

मी नंतर नोंद तपासली. पहिल्या दिवसाचा फोन मीच घेतला होता.

पावणेपाचला रेंडर संपला. पाच वीसला फाइल हैदराबादला पोचली आणि ती मिळाल्याचा निरोप आला. सोबत विचारणाही होती: पुढच्या महिन्यात एका हॉस्पिटलचे काम आहे, घ्याल का? शिवलीलाने तो मजकूर मोठ्याने वाचला. मशीन विकण्याचा निर्णय मागे घेतल्याचे अप्पांनी जाहीर केले नाही. ते फक्त म्हणाले, “हॉस्पिटल मोठं आसतंय. आधीच बस त्याला.” मल्लिनाथनी ती प्लास्टिकची फिल्म घडी घालून बिलाबरोबर पाकिटात ठेवली. न जाणो, वॉरंटीला लागली तर.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट भरला. नवा प्रोसेसर आणि नवा लिक्विड कूलर, दोन्ही न उघडता स्टोअरमध्ये जमा. ‘दोष’ या रकान्यात मी ‘प्लास्टिक फिल्म’ असे लिहिले. कदम सरांनी ते खोडून ‘वापरकर्त्याची चूक’ असे केले. आमच्याकडे तो ठरलेला शब्द आहे. मी तो पुन्हा खोडला. मशीन वापरणारी शिवलीला होती, आणि त्या खोलीत योग्य प्रश्न विचारणारी ती एकटीच होती.

“मग चूक कोणाची लिहू?” सरांनी विचारले.

“एक त्यांच्या दिरांची. एक माझी.”

“फॉर्मवर एकाच चुकीला जागा आहे.”

“मग माझी लिहा. त्यांची फॉर्मवर लिहून सुधारणार नाही.”

आता तक्रार घेताना मी कूलर, पंप, पॅड यांपैकी कशाचीही चौकशी आधी करत नाही. या मशीनवर काम कोण करते, त्यांना फोन द्या, असे सांगते. पलीकडून बहुधा कोणीतरी विचारते, “कामून?” मी कारण सांगत नाही. फोन दिला जाईपर्यंत थांबते.