कोऱ्या लाकडाला तेल

माझा टेबल टेनिसचा हात चांगला आहे, हे मी स्वतःच सांगते. नांदेडच्या आमच्या कार्यालयात दुसरं कुणी ते कबूल करत नाही. सतरा वर्षं मी जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवून खेळत आले आहे. फक्त लातूरच्या शाखेतल्या एका बाईंपुढे माझं काही चालत नसे. दरवर्षीच्या सामन्यात त्यांनी मला लागोपाठ दोनदा धूळ चारली. दोष बॅटचा, असं मी ठरवून टाकलं. जुनं लाकूड मऊ पडलं होतं, बाईंच्या वेगापुढे दम धरत नव्हतं. म्हणून यंदा नवं ब्लेड मागवलं. ब्लेड म्हणजे बॅटचं नुसतं लाकूड. रबर त्यावर आपण चिकटवायचं.

सामना रविवारी, आणि पार्सल आलं बुधवारी सकाळी. ब्लेड जुन्या बॅटशेजारी फडताळात ठेवून मी कार्यालयात गेले. घरी बाबा होते. गुडघ्याच्या उपचारासाठी हदगावकडच्या आमच्या गावाहून आलेले, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म शेतीत गेलेला. माझा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. ‘तुझी ती टिकटिक’ म्हणायचे.

संध्याकाळी रबर चिकटवायला बसले, तर लाकूड चकचकीत. हात लावला, बोटं तेलकट.

“बाबा, ह्याला काय केलं?”

“तेल पाजलं. करडीचं. तीनदा, उन्हात ठिवून,” ते खुशीत म्हणाले. “कोरंच धाडलंय बघ त्यांनी. असं वापरलं की तडकतंय.”

कुऱ्हाडीचा दांडा असो की खुरप्याची मूठ, आमच्याकडे नवं लाकूड तेल पाजल्याशिवाय कामाला घेत नाहीत. पण तेलकट लाकडावर रबर चिकटत नाही, हे बाबांना कोण सांगणार? मी सांगितलं, आणि चांगलं आवाज चढवून सांगितलं. “विचारायचं तरी होतं! सगळं वाटोळं केलं तुम्ही. आता कोणत्या तोंडानं जाऊ लातूरला?”

बोलले आणि लगेच वाईट वाटलं. पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची मला सवय नाही.

बाबा उठले. दुखऱ्या गुडघ्यानं स्वयंपाकघरात गेले आणि ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन आले. “तेल चढवाया येतंय तसं उतरवाया बी येतंय,” एवढंच म्हणाले आणि लाकडावर दोन्हीकडून पीठ दाबून बसवलं. गुरुवारी दिवसभर ते पीठ झाडत होते, नवं लावत होते. मी संध्याकाळी बारीक पॉलिश पेपर फिरवला, रबर लावलं आणि वर गव्हाचा डबा ठेवला. सकाळी एक कोपरा थोडा सुटला होता. तो पुन्हा चिकटवला. बाकी सगळं घट्ट बसलं होतं.

शुक्रवारी सुट्टीत लेखा विभागातल्या एका सहकाऱ्याला टेबलावर बोलावलं. पहिले चार चेंडू थेट मागच्या कपाटावर. नव्या बैलासारखी बॅट ओढ घेत होती. मी काही घाबरले नाही. हात आखडता घेतला, बॅट जराशी झुकवली, आणि पाचवा चेंडू कोपऱ्यात बसला. आवाज असा खणखणीत की लोक डबे सोडून बघायला आले. दहा मिनिटांत सहकाऱ्याची दमछाक झाली. “म्याडम, काय करून राहिल्या तुम्ही! जरा दमानं!” मनात म्हटलं, लातूरच्या बाईंनाही हेच म्हणायला लावते.

घाम पुसताना एक गोष्ट ध्यानात आली. नवी बॅट अंगठ्याच्या बेचक्यात बोचतेच. जुनी बॅट नवी होती तेव्हा महिनाभर माझं कातडं सोललेलं होतं. आज काहीच नाही. निरखून पाहिलं, तर मुठीच्या वर, बोट टेकतं तिथं, हलकासा खोलगटपणा. फुटक्या काचेनं तासल्याच्या बारीक रेघा दिसत होत्या. गावाकडे दांडे असेच तासतात. पिशवीतून जुनी बॅट काढून शेजारी धरली. सतरा वर्षांत माझ्या बोटानं तिच्यावर जी झीज पाडली होती, नेमकी तीच, तितकीच, नव्या लाकडावर उतरवलेली होती. मी ओरडत होते तेव्हा बाबांनी हे सांगितलंसुद्धा नाही. माझे डोळे भरून आले. सहकाऱ्याला वाटलं, चेंडू लागला.

घरी आले तेव्हा बाबा गुडघ्याला तेच करडीचं तेल चोळत बसले होते.

“बाबा, परवा मी नको ते बोलले. चुकलं माझं.”

“मूठ बसली का?”

“बसली. रविवारी हीच नेणार.”

“मग झालं की.” त्यांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. “जुनी फेकू नको बरं. फुडल्या बारीला माप लागंल मला.”