दिल्ली-नागपूर पावणेदोन तास

माझी शेवटची पोस्टिंग लडाखमध्ये, बर्फातल्या चौकीवर होती. मी कुरखेड्याचा, तेव्हा नायक. सेक्शनमध्ये आमच्या जिल्ह्याचा आणखी एकच जण होता, शिपाई मारोती. अहेरीकडच्या मासे धरणाऱ्या घरचा. सुट्टीला आम्ही सोबत निघायचो. रिझर्व्हेशन नसलं की डब्यात संडासाजवळ ट्रंकेवर बसायचं. तिथं त्याचं ठरलेलं बोलणं. "भाऊ, इमान दिल्लीहून नागपूरले पावणेदोन तासात जाते म्हणे. एक खेप मायले सांगाचं हाय, इमानानं आलो."

माय त्याची अंथरुणाला खिळलेली. सुट्टीचे निम्मे दिवस वाटेतच जायचे. त्यात गावाजवळची नदी भरली की घर समोर दिसतं आणि गडी अलीकडे बसलेला. मी चिडवायचो, तुझं विमान नदीतच उतरवू म्हणायचो.

ऑगस्टमध्ये सकाळच्या पेट्रोलला आम्ही एका दोरीला बांधून निघालो. मारोती पुढे. पायाखालचा बर्फ फाटला आणि तो भेगेत गेला. मी वायरलेस सेटवर चौकीला कळवलं, "एक जवान भेगेत. ओव्हर."

"बाहेर काढा. ओव्हर."

काढला. श्वास नव्हता. तेही कळवलं.

त्याच्या शवपेटीसोबत एस्कॉर्ट म्हणून मला पाठवलं. दिल्ली ते नागपूर खरंच पावणेदोन तास लागले. मी वर खिडकीशी, तो खाली सामानात. चहा आला, तसाच परत पाठवला. जिवंतपणी ज्याला तिकीट परवडलं नाही, त्याला मेल्यावर हवेतून आणलं. काय जाळायचं होतं ते विमान आता?

नागपूरहून ट्रकने नदीवर आलो तर पात्रातल्या रपट्याच्या रस्त्यावरून पाणी वाहत होतं. काठावर आलेले एक साहेब म्हणाले, ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नाही, मानवंदना आणि अग्नी इथंच उरकू. उरकू! माय पलीकडे खाटेवर वाट पाहत होती. मी म्हणालो, पोरगा आईसमोर नेल्याशिवाय मी हलत नाही.

मारोतीचा बाप आणि चुलता डोंगे घेऊन अलीकडे आले होते. त्यांच्या गावात प्रेत नेलेल्या डोंग्यातून पुन्हा मासे धरत नाहीत. घरचे डोंगे दोनच, आणि एकावर पेटी मावत नव्हती. म्हाताऱ्याने दोन्ही शेजारी लावले, वर आडवे बांबू टाकले आणि बांधायला लागला.

मला राहवलं नाही. "बाबा, मंग मासे कायनं धरान?"

"पोरगा इतक्या दुरून आला," तो म्हणाला. "इथून पुढं मी नाई नेऊ का?"

पलीकडे मायने पेटीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "इमानानं आला का?"

"हो बाई. इमानानंच."

म्हातारा आता लोकांच्या भाताच्या बांधीत मजुरीनं रोवणीला जातो. नदीवर मारोतीच्या नावाचा फलक लागलाय, मोठ्या पुलाचा. पूल नाही. फलकाखाली ते दोन डोंगे पालथे पडलेत. पूर आला की सुट्टीवर आलेली पोरं अजून तिथंच थांबतात, मारोतीच्या नावाखाली.