एकमताने

माझे बाबा तत्त्वाचे माणूस आहेत असं लोक म्हणतात. म्हणायला लोकांचं काय जातं? त्यांना बाबांबरोबर एका घरात राहावं लागलेलं नाही.

बाबा टर्नर आहेत. एका लहानशा वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं लेथवर उभे आहेत. मायक्रोमीटरमध्ये केसाएवढा फरक दिसला तरी तयार झालेला जॉब स्वतःच्या हाताने भंगारात टाकतात आणि मालक कपाळावर हात मारून घेतो. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मी रागातसुद्धा कबूल करते. घोटाळा एवढाच की माणसांनाही तेच माप लावायची सवय त्यांना लागली. ती लावली पक्षाने.

पक्ष म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे झेंडे आणि गर्दी येत असेल, तर ती काढून टाका. हा पक्ष ऐन भरात होता तेव्हा साठ माणसांचा होता. त्या साठांच्या मते बाकीचे सगळे डावे पक्ष विकले गेलेले होते आणि क्रांती फक्त यांच्याच हातून होणार होती. मी दहावीत गेले तोवर ते बावीस झाले. ही गोष्ट घडली तेव्हा पाच उरले होते. भाड्याचं ऑफिस सुटलं, तसं पुस्तकांचं कपाट आणि टाइपरायटर आमच्या बाहेरच्या खोलीत आले, आणि दर रविवारी दहा वाजता त्यांच्यामागोमाग पक्षही यायला लागला. निवृत्त प्राध्यापक, म्हणजे सर, हे सचिव. मग एक शिंपी, एक निवृत्त पोस्टमन, एक डॉक्टरीणबाई आणि बाबा. चहा मी करायचे. क्रांती होईपर्यंत चहा बायकांनीच करायचा असं पक्षाच्या घटनेत लिहिलेलं नव्हतं, पण पाळलं जायचं.

या पक्षाची एक रीत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ठराव बहुमताने पास झाला की लगेच दुसरी फेरी घ्यायची. पहिल्या फेरीत तुमचं मत काहीही असो, दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी हात वर करायचा. मग वहीत लिहायचं, 'एकमताने'. सर म्हणायचे, हीच आपली ताकद आहे. साठाचे पाच झाले तेही एकमताने झाले. ज्याला काढायचं तोसुद्धा दुसऱ्या फेरीत स्वतःविरुद्ध हात वर करून, चपला घालून निघून जायचा.

माझे थोरले काका असेच गेले. बाबांना पक्षात आणलं ते काकांनी. काका बस डेपोत मेकॅनिक होते आणि आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहायचे. डेपोत संप झाला. मोठी युनियन त्यात होती, आणि मोठ्या युनियनबरोबर उभं राहायचं नाही असा पक्षाचा आदेश होता. काका उभे राहिले. संप जिंकला, पगार वाढले. डेपोतल्या आणखी दोन सदस्यांनी तो वाढीव पगार मुकाट्याने घेतला आणि काकांना काढायच्या ठरावाला पहिल्याच फेरीत हात वर केले. बाबांनीही केला. दुसऱ्या फेरीत काकांनी स्वतः केला. हे दोघे भाऊ एका माळेचे मणी होते, त्यामुळे काकांचाही मला राग यायचा.

काढलेल्या माणसाशी संपर्क ठेवायचा नाही, हा पुढचा नियम. सतरा वर्षं बाबा काकांशी बोलले नाहीत. जिन्यात समोरासमोर आले की बाबा कठड्याकडे सरकून वाट द्यायचे. काकी कधीच सदस्य नव्हती, तिच्याशी बोलायला बंदी नव्हती, पण तिच्यामार्फत निरोप जाऊ नये म्हणून तिच्याशीही बोलणं बंद. मी आणि आई मात्र वर जायचो, यायचो. आमची पक्षाने गणतीच केली नव्हती. आई गेली त्या दिवशी काका खाली आले आणि दारात उभे राहिले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "त्यांना खुर्ची दे." काका तासभर त्या खुर्चीत बसले आणि उठून गेले. आईसाठी रडता रडता त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तो अजून शमलेला नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. मागच्या वर्षी काकांचं रक्त मीच काढलं आणि रिपोर्टही माझ्याच हातून गेला. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन महिने. मी घरी येऊन बाबांना तसंच सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. वरून काकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा मान वर करून छताकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील. जिना चढायला किती वेळ लागतो?

ते उठले, हात धुतले आणि टाइपरायटरपाशी जाऊन बसले. अर्ज लिहिला. निष्कासित सदस्याशी वैयक्तिक कारणास्तव संपर्क साधण्यास परवानगी मिळण्याबाबत. दोन प्रती काढल्या.

मी त्यांना नाही नाही ते बोलले. भाऊ मरतोय आणि तुम्ही कार्बन पेपर कसले लावताय, म्हणाले. त्यांनी शांतपणे सांगितलं की रविवारी विषय येईल, परवानगी मिळेल, मग ते उजळ माथ्याने वर जातील, चोरासारखे नाही. त्यांची खात्री होती. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

रविवारी सर बोलले ते अर्धा तास. त्यांचा आवाज फार गोड आहे. माणुसकीला आपला विरोध नाही, ते म्हणाले, पण आज भावासाठी अपवाद केला तर उद्या कुणासाठी करायचा नाही? पाच माणसांच्या पक्षाकडे शिस्तीशिवाय आहे काय? शिंपी अडखळत म्हणाला की माणूस आजारी आहे, जाऊ द्या की. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. मतदान झालं. परवानगीच्या बाजूने शिंपी आणि बाबा. विरोधात सर, पोस्टमन आणि डॉक्टरीणबाई. तीन विरुद्ध दोन.

सर म्हणाले, "दुसरी फेरी."

मी कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होते. भावाला भेटायची परवानगी नाकारावी या बाजूने सगळ्यात आधी जो हात वर गेला तो माझ्या बाबांचा होता. शिंप्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग आपला उचलला. सरांनी वहीत लिहिलं. मी ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि आत गेले. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

त्यानंतर काका तेवीस दिवस जगले. त्या तेवीस दिवसांत बाबा वेळेवर कामावर गेले, वेळेवर आले आणि संध्याकाळी पेपर उघडून बसले. पान उलटल्याचा आवाज मात्र मला कधी आला नाही. काकांना नेलं तेव्हा ते आले, सगळ्यांच्या मागून. मेलेल्या माणसाशी संपर्क हा संपर्क ठरतो का, याबद्दल घटनेत काही नव्हतं ना.

आठवड्याने मी काकीकडे तिला सोबत म्हणून बसले होते. बुधवार होता, मी लॅबमधून सुट्टी घेतली होती. काकी घड्याळाकडे बघून सहज म्हणाली, "आत्ता सर आले असते." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग तिने सांगितलं. अकरा वर्षं, दर बुधवारी दुपारी तीन वाजता सर येत होते. बुद्धिबळ खेळायला. गावात त्यांच्या तोडीचं खेळणारे काकाच होते. दोन डाव, एक कप चहा, पाचच्या आत परत. आई त्याआधीच गेलेली, बाबा तेव्हा लेथवर, मी लॅबमध्ये. काका अंथरुणाला खिळल्यावरही यायचे आणि काका सांगतील तशी त्यांची सोंगटी हलवायचे. काकीला वाटत होतं की हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

मी तिथून तडक खाली आले आणि बाबा यायची वाट बघत बसले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. चाळीस वर्षांच्या त्या देव्हाऱ्यावर घालायला माझ्या हाती घण आला होता. ते आल्या आल्या, पायातले बूटही काढू न देता मी सगळं सांगून टाकलं. आता हा माणूस फुटेल, भिंतीवर डोकं आपटेल, भावाचं नाव घेऊन एकदा तरी ओरडेल, असं मला वाटलं होतं.

त्यांनी विचारलं, "किती वर्षं?"

"अकरा."

"कोणता वार?"

मी वार सांगितला. त्यांनी बूट काढले, जागेवर ठेवले आणि टाइपरायटरवरचं कापड काढलं.

त्या रविवारी सरांना निष्कासित करण्याचा ठराव बाबांनी मांडला. निष्कासित सदस्याशी अकरा वर्षं सातत्याने संपर्क. सरांनी नाकारलं नाही. आम्ही राजकारणावर एक शब्दही बोललो नाही, एवढंच म्हणाले, आणि त्या गोड आवाजाला पहिल्यांदाच कापरं भरलेलं मी ऐकलं. मला दया आली नाही. पहिली फेरी, चार विरुद्ध एक. दुसऱ्या फेरीत सरांनी हात वर केला, वहीत स्वतःच्या अक्षरात 'एकमताने' लिहिलं, वही बाबांच्या पुढ्यात सरकवली आणि छत्री घेऊन निघून गेले.

मग पोस्टमन बोटांवर काहीतरी मोजायला लागला. घटनेप्रमाणे बैठकीला कमीत कमी पाच सदस्य लागायचे, आणि उरले होते चार. पाच नसतील तर नवा सदस्य घेता येत नाही, जुना परत घेता येत नाही, घटना बदलता येत नाही, पक्ष विसर्जितही करता येत नाही. चौघे एकमेकांकडे बघत बसले. सरकारला जे जमलं नाही, मालकांना जे जमलं नाही, ते माझ्या बाबांनी सव्वाअकरा वाजता आमच्या बाहेरच्या खोलीत करून दाखवलं होतं. शिंपी हसला, आणि हसल्याबद्दल माफी मागून घरी गेला.

संध्याकाळी दार वाजलं. काकी होती. सतरा वर्षांत ती बाबांसमोर कधी बसली नव्हती. शिंप्याने तिला जिन्यात सगळं सांगितलं होतं. मी खुर्ची दिली. ती बाबांना म्हणाली, "भावजी, सरांना काढलंत म्हणे."

बाबांनी मान हलवली.

"ह्यांच्यासाठीच काढलंत ना?"

मी बाबांकडे बघत होते. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटं असतं तरी काकीने ते मनाशी धरून उरलेली वर्षं काढली असती, आणि मीही बहुतेक त्यांना माफ केलं असतं.

"नाही, वहिनी," बाबा म्हणाले. "शिस्तीसाठी."

काकीने पदर सारखा केला. मग अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, "हे शेवटपर्यंत दाराकडे तोंड करूनच झोपले. एका कुशीने अंग सोलून निघालं, पण वळायला तयार नव्हते. म्हणायचे, त्याने अर्ज केला असेल, परवानगी मिळाली की येईल. तुम्ही हात वर केलात ते सरांनी मला त्याच बुधवारी स्वयंपाकघरात सांगितलं होतं. मी ह्यांना कळू दिलं नाही."

ती उठली आणि वर गेली. बाबा तिच्या मागे दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. मी त्यांना आत या म्हटलं नाही.